कोरड्या फांदीवर पाहा

[पडद्यावर: अंधार. गाडीचे दिवे. उमरेड रस्ता.]

नागपुरात कुणालाही सांगा, की चार दिवस जंगलात जाऊन आलो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘वाघ दिसला का?’ विचारणाऱ्याचा दोष नाही. पेंच, ताडोबा, बोर, कऱ्हांडला, नागझिरा. आपल्याकडं ज्या बाजूला गाडी काढाल त्या बाजूला वाघ आहे.

आम्ही आठ जण मात्र पाखरं पाहायला निघालो होतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा. आठांत बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू, कॉलेजातली दोन पोरं, आणि नारिंगी जॅकेट घालून आलेले एक डॉक्टर. आमच्या वाटाड्याला सगळे नुसतं ‘दादा’ म्हणतात. त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं, काही बोलला नाही, आणि गाडीतली मातकट रंगाची शाल त्यांच्या अंगावर टाकली.

सहलीचा आराखडा एका ओळीत मावतो. पूर्वेला पाणी, पश्चिमेला डोंगर, मधे नागपूर.

[दृश्य: पारडगाव तलाव. धुकं. पाण्यावर ठिपके. हळूहळू आवाज.]

पारडगावच्या तलावावर पोचलो तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. आवाज तेवढा येत होता. नाकातून काढल्यासारखा, खालच्या पट्टीतला, शंभर जण एकदम कुरकुरावेत तसा. धुकं विरलं आणि काठावर पट्टकादंबांचा थवा दिसला. पांढरं डोकं, त्यावर काळ्या दोन आडव्या पट्ट्या. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून हे पक्षी येतात. अंगावर यंत्र बसवून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा सात हजार मीटरच्या वर उडतानाच्या नोंदी मिळाल्या. एवढ्या उंचीवर माणसाला चार पावलं टाकताना धाप लागते. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू धरून ठेवतं.

आणि एवढं करून इथं येऊन काय करतात? दिवसभर काठावर झोपा काढतात. रात्री शेतात उतरून हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातात. काठावर उभ्या एका शेतकऱ्यानं त्यांच्याकडं हात करून म्हटलं, ‘पावणे आहेत, जेवूनच जातीन.’ बोलण्यात राग होता की कौतुक, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

[दृश्य: पाण्यावर काळे पक्षी, कपाळ पांढरं.]

दादा नावं सांगत होता. काळ्याभोर अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला हा वारकरी. चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, ते हळदी-कुंकू बदक. फावड्यासारखी चोच पाण्यावर थापटत फिरतो, तो थापट्या. लांब टोकदार शेपटीचं ते तलवार बदक. कॉलेजातल्या पोरांनी ही नावं इंग्रजीत पाठ केली होती. हळदी-कुंकू म्हटल्यावर ती हसली. पण पुढच्या तलावावर तेच बदक त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं.

ही नावं ढिवर, कोहळी, गोंड, पारधी अशा लोकांच्या तोंडी होती. ती गोळा करून मराठीत रुजवण्यात मोठा वाटा मारुती चितमपल्ली यांचा. वनखात्यातल्या नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी विदर्भात काढली, त्यातला मोठा काळ नवेगाव बांधला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

[दृश्य: साकोलीकडचा रस्ता. धानाच्या मोकळ्या बांध्या. तलावाची पाळ.]

भंडाऱ्याच्या पुढं गेलं की जमिनीचा चेहराच बदलतो. कापूस संपतो, धान लागतं. आणि दर गावाला तलाव. कुठं मोठा, कुठं नुसती बोडी. हे तलाव देवानं दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून, माती ओळखून पाळी, म्हणजे मातीचे बांध घातले. पाणी सोडायला तुडूम ठेवलं, खाली पाट काढले. पुढं ते मालगुजारांकडं, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडं आले, आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडं. म्हणून माजी मालगुजारी तलाव. लोक सरळ मामा तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत.

त्यातला सगळ्यांत नावाजलेला नवेगाव बांध. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकात बांधला असं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात.

आम्ही तिथं होतो तो दिवस २६ जानेवारीचा. गावातल्या शाळेचा भोंगा पहाटेपासून चालू. ‘आता कुठले पक्षी?’ असं मी मनात म्हटलं. दादा मात्र निवांत. तो म्हणाला, हे पक्षी माणसाच्या आवाजाला सरावलेले आहेत. माणूस पाळीवरून खाली उतरला की मात्र उडतात. तसंच झालं. भोंग्यावर भाषण सुरू होतं आणि समोर कमळपक्षी पानापानांवरून चालत होता. मागून एक ढिवर डोंगा घेऊन गेला. त्याला पाहून काणूक बदकांची जोडी जराशी सरकली, बस. डॉक्टर फोटोसाठी चार पावलं उतरले आणि अर्धा तलाव हवेत गेला.

[ध्वनी: पंखांचा आवाज, मग शांतता.]

डॉक्टर त्यानंतर दिवसभर शालीत होते.

तलावात गवत असतं म्हणून पक्षी असतात, हे आम्हाला एका बाईनं समजावलं. त्या मासेमार सोसायटीतल्या. बेशरम नावाचं झुडूप फोफावलं की तलाव मरतो, म्हणाल्या. देवधान, म्हणजे पाण्यातलं रानटी धान असलं की मासोळीला आसरा, पाखराला दाणा. या भागातल्या काही गावांत बायकांनी बेशरम उपटून पाण्यातल्या गावठी वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. बेशरम उपटणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. गुडघाभर गाळात उभं राहून, तुकडा मागं राहिला की पुन्हा फुटणारं ते झाड.

[दृश्य: संध्याकाळ. गोंदिया जिल्हा. लाखोळीचं शेत. दूर दोन उंच आकृत्या.]

सारस पाहायला गोंदियाच्या बाजूला गेलो. इथं वाटाड्या बदलला. तिथल्याच एका शेतकऱ्याचा मुलगा, सायकलवर पुढं. पक्की सडक सोडून धुऱ्यावर आणलं आणि म्हणाला, ‘इथंच बसा जी. ते येतीन.’ पाऊण तास काही आलं नाही. काकूंनी चिवडा काढला. मग दोन सारस चालत आले. उडत नव्हे, चालत, दिवसभराचं काम आटोपून घरी निघालेल्या जोडप्यासारखे.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. माणसाएवढा, कधी सहा फुटांपर्यंत. राखाडी अंग, तांबडी मान. जोडी जमली की ती सहसा आयुष्यभराची. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच काडीकचऱ्याचं मोठं घरटं रचतात, बहुधा दोन अंडी घालतात, आणि महिनाभर दोघं पाळीपाळीनं बसतात. म्हणजे रोवणी झालेल्या शेताचा एक तुकडा गेला. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ या एकाच पट्ट्यात, वैनगंगा आणि वाघ नदीच्या आसपास. दर जूनमध्ये गणना होते, आणि गोंदिया जिल्ह्याचा आकडा अलीकडं चाळिशीच्या आतच असतो. चाळीस! एका लग्नाच्या पंगतीत याहून जास्त माणसं बसतात.

मी मुलाला विचारलं, तुमच्या शेतात घरटं झालं तर? तो म्हणाला, ‘झालतं ना. बाबानं तेवढं निंदलं नाही.’ एवढंच. मग त्यानं वरच्या विजेच्या तारांकडं बोट केलं. सारसाला त्या वेळेवर दिसत नाहीत. धडकून मेलेले पक्षी या भागात सापडले आहेत.

अंधार पडता पडता त्या दोघांनी माना वर केल्या आणि एकदम ओरडले. नराचा एक सूर, मादीचे दोन-तीन. निवेदन इथं थांबवतो.

[ध्वनी: सारसाची जोडहाक. वीस सेकंद. दृश्य काळं.]

तिसरा दिवस गाडीतच गेला. गोंदियाकडून मेळघाट म्हणजे अख्खा विदर्भ आडवा कापायचा. वाटेत नागपुरात तर्री-पोहे, मग अमरावती, मग परतवाडा. त्यापुढं घाट, आणि गाडीत पहिल्यांदा थंडी.

[दृश्य: सागाचं जंगल. जमिनीवर मोठी वाळकी पानं.]

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या या रांगांतून खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या तापीला मिळतात. व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गावं कोरकूंची. चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत, धुकं आहे आणि रबडीची दुकानं. तिथल्या ओढ्यांवरचा शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो, पण ती ऐकायला पावसाळ्यात यावं लागतं. आम्ही आलो होतो ते एका घुबडासाठी. रानपिंगळा.

याची गोष्ट सांगायलाच हवी. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. नंतर थोडे नमुने मिळाले, जगभरच्या संग्रहालयांत सगळे मिळून सात. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातमधली, रिचर्ड माइनरट्झहागन या इंग्रज कर्नलची.

ती नोंद खोटी होती. या गृहस्थानं ब्रिटिश संग्रहालयातून दुसऱ्याचा नमुना चोरला, त्यात पुन्हा भुसा भरला, आणि आपल्या नावाची, खोट्या गावाची चिठ्ठी लावली. नमुना खरा जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी ही लबाडी टाका-टाक्यानं उसवून काढली. मग बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडं निघाल्या. आधी पूर्वेकडं, तिथं काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ एका उघड्या फांदीवर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटात मिळाला, २०१४ मध्ये थेट मुंबईजवळ तानशाला. २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली.

ही गोष्ट दादानं आम्हाला रात्री शेकोटीजवळ सांगितली. शेवटी म्हणाला, ‘पक्षी होता तिथंच होता. चिठ्ठी चुकली होती.’

[दृश्य: सकाळ. रस्त्याच्या कडेचं सागाचं विरळ रान.]

गाभ्यातल्या जंगलात पायी उतरता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या पट्ट्यातल्या रस्त्यावर. सकाळचे साडेसात. दादासोबत आता एक कोरकू भाऊ होता, वनरक्षकांसोबत बरंच हिंडलेला. बाकी घुबडं अंधारात निघतात, हा उजेडातही फिरतो. सरडे, उंदीर, किडे खातो. शेंड्याला न जाता मधल्या उंचीवर बसतो, पान नसलेल्या फांदीवर, उन्हात.

पहिलं घुबड काकूंना दिसलं. सगळे पुटपुटले, रानपिंगळा! दादानं मान हलवली. डोक्यावर पांढरे ठिपके, म्हणजे साधा पिंगळा, गावातल्या वडावरचा. दुसरं मला दिसलं. अंगभर बारीक आडव्या रेघा. जंगली पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, छातीवर तपकिरी रंग एकसंध, कुशीला जाड पट्टे, पाय पांढऱ्या पिसांचे आणि नखं अंगाच्या मानानं दांडगी.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर येईल ना? येईल, दादा म्हणाला, हद्दीत दुसरा आला असं वाटून येईल, घरटं सोडून येईल. आणि मोबाइल खिशात ठेवायची खूण केली. मला त्याचं पटलं, पण खरं सांगायचं तर दोन तासांनी, पाय गारठल्यावर, जरासं कमी पटत होतं.

मग बारीक पाखरांचा कलकलाट झाला. निखार, शिलिंध्री, एक कोतवाल, सगळे एका झाडाभोवती चिडलेले. कोरकू भाऊ थांबला. छोटी पाखरं अशी ओरडतात तेव्हा मधे घुबड नाहीतर साप असतो. आम्ही सगळ्यांनी दुर्बिणी वर केल्या, दाट पानांत शोधायला लागलो. तो म्हणाला, ‘वर नोका पाहू. थ्या कोरड्या फांदीवर पाहा.’

आमच्याकडचं चित्रण चाळीस सेकंदांचं आहे. पहिली बारा सेकंदं पडद्यावर नुसती पानं दिसतील, कारण कॅमेरा चुकीच्या फांदीवर होता. ती कापलेली नाहीत.

[दृश्य: पानं. कॅमेरा हलतो, खाली येतो. वाळकी फांदी, ऊन. रानपिंगळा. शेपटी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. खाली झेप. फांदी रिकामी.]