सव्वा इंचाची फट

पैसे साठवायचा लाकडी गल्ला करायचे ठरले, की नवखा माणूस आधी लाकूड शोधायला निघतो. जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या या छोट्या सुतारखान्यात मात्र कामाची सुरुवात मूठभर नाण्यांपासून झाली आहे. या चित्रफितीत पडद्यावर दिसणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवतात. करवत त्यांनी आजवर हातात घेतलेली नाही. शेजारी बसलेल्या मिस्त्रींनी त्यांच्यासमोर एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतची नाणी मांडून ठेवली आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे आणि सर्वांत जाड नाणे वेगळे काढायला सांगितले आहे, कारण या पेटीतले सर्वांत महत्त्वाचे माप तिच्या लांबी-रुंदीचे नसून झाकणावरच्या फटीचे आहे.

दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे 27 मिलिमीटर व्यासाचे असते आणि बारा कोनांचे वीस रुपयांचे नाणेही तेवढेच भरते. रोजच्या व्यवहारात याहून मोठे नाणे हाताला लागत नाही. जाडीला मात्र पूर्वीचे तांबे-निकेलचे पाच रुपयांचे नाणे वरचढ ठरते, कारण 23 मिलिमीटर व्यासात त्याचे वजन 9 ग्रॅम असते. मिस्त्रींचा हिशेब इंचात आणि सुतात चालतो. आठ सुतांचा एक इंच धरला, तर दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास साडेआठ सूत होतो. त्याला दोन्ही बाजूंनी थोडी मोकळीक देऊन फटीची लांबी सव्वा इंच आणि रुंदी दीड सूत ठरते. फट याहून रुंद ठेवली, तर पेटी उलटी करून हलवल्यावर नाणी बाहेर येऊ लागतात, आणि घरात लहान मुले असतील, तर हा शोध लागायला फार वेळ लागत नाही.

याच शहरात, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये, 1928 पासून नोटा छापल्या जातात, पण नाणी इथे पाडली जात नाहीत. ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या टाकसाळींतून येतात. नाण्यावरच्या सालाखाली बारीक हिरा असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे आणि ठिपका असेल तर नोएडाचे समजावे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. नोटेची सोय करायची असेल, तर सव्वा इंचाच्या फटीतून दहा रुपयांची 63 मिलिमीटर रुंदीची नवी नोट उभी दुमडून जेमतेम जाते. 66 मिलिमीटर रुंदीच्या शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटेला आणखी एक घडी घालावी लागते. बाईंनी फट नाण्यांपुरतीच ठेवायचे ठरवले आहे.

आता लाकूड. पेठ आणि सुरगाण्याच्या जंगलामुळे या जिल्ह्याला सागाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही, आणि गावठाणातला एखादा वाडा उतरवला की त्याच्या तुळयांचे आणि खांबांचे जुने, मुरलेले सागवान बाजारात येते. मिस्त्रींकडे तसा एक तुकडा आहे, पण तो त्यांनी फळीवरून खाली काढलेलाही नाही. सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो, त्यामुळे हत्याराची धार लवकर बोथट होते. शिवाय त्यात अंगचे तेल असल्याने सांधा चिकटवण्याआधी तो स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. ज्याला अजून धार लावता येत नाही, त्याने सागाला हात घालू नये, असे त्यांचे मत आहे आणि आम्हालाही ते पटते.

म्हणून काम सुरू झाले ते पाइनच्या मऊ लाकडावर. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत यंत्रे ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळतात. त्या घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. परदेशातून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो आणि त्याच्या शेजारी ‘एचटी’ ही अक्षरे असतील, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला किमान अर्धा तास तापवून कीडमुक्त केलेले असते. ‘एमबी’ लिहिले असेल, तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरातल्या वस्तूसाठी घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे खिळे. वरून उपटलेल्या खिळ्याचे टोक आत मोडून राहिलेले असते आणि रंध्याच्या पात्याला ते नेमके सापडते, म्हणून मिस्त्री आधी साधे लोहचुंबक फळीवरून फिरवून घेतात.

फळी अर्ध्या इंचाची आहे. पुढची आणि मागची बाजू प्रत्येकी पाच इंच लांब, बाजूच्या दोन फळ्या तीन-तीन इंच लांब आणि सगळ्यांची उंची साडेतीन इंच. चारही फळ्यांचे रेशे आडवे, म्हणजे पेटीभोवती एकाच दिशेने फिरणारे ठेवले आहेत. लाकूड रेशांच्या लांबीत जवळपास हलत नाही, पण रेशांच्या आडव्या अंगाला ते पावसाळ्यात फुगते आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आकसते. चारही बाजूंचे रेशे एका दिशेने असले, की सगळ्या फळ्या बरोबरीने हलतात आणि सांध्यावर ताण येत नाही. एक फळी जरी उभ्या रेशांची लावली, तरी वर्षभरात कोपरा उघडतो.

कापताना रेघ पेन्सिलीने न मारता चाकूच्या टोकाने ओढली आहे. पेन्सिलीची रेघ जाड असते आणि करवत तिच्या अलीकडून जायची की पलीकडून, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. चाकूने वरचे रेशे आधीच तुटलेले असल्याने कापाची कड झडत नाही आणि करवतीच्या दातालाही बसायला जागा मिळते. बाईंचा अंगठा पात्याच्या कडेला टेकलेला आहे, पहिले दोन-तीन हात अगदी हलके आहेत, आणि तरीही मध्यावर पाते थोडे बाहेर वळते. “मॅडम, दाबू नका तिला. तिचं वजन पुरतं,” मिस्त्री म्हणतात. काप रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला ठेवला आहे. उरलेला भाग नंतर रंध्याने आणि पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणता येतो, पण आत गेलेला काप भरून येत नाही. समोरासमोरच्या दोन फळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. त्या पट्टीवर किती भरतात, याला त्या मानाने कमी महत्त्व आहे, म्हणून त्या जोडीने धरून एकत्रच घासल्या जातात.

आता चौकट जुळवायची. पाच इंचांतून दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच जाडी वजा केली, की आतली जागा चार इंच लांब आणि तीन इंच रुंद उरते. मापे सांगताना मिस्त्रींनी याचे कारण दिले नव्हते. चौकटीला सरस लावून ती शिकंज्यात धरल्यावर त्यांनी पट्टी आत तिरपी टेकवली आणि बाई हसल्या, कारण तीन आणि चार बाजूंच्या काटकोनाचा कर्ण पाच येतो, हे त्या दरवर्षी फळ्यावर लिहितात. गवंडी याच हिशेबाने घराचा पाया काटकोनात आखतात. इथे एक कर्ण पाच इंचांहून सूतभर जास्त आणि दुसरा तेवढाच कमी भरतो आहे, म्हणजे चौकट तिरकी बसली आहे. शिकंजा थोडा सैल करून लांब कर्णाच्या दोन टोकांवर हाताने दाब दिला, दोन्ही कर्ण पाचवर आले आणि मग पेच पुन्हा आवळले. नवख्याला डव्हटेलचे, म्हणजे दात एकमेकांत अडकवलेले नक्षीदार सांधे खुणावतात, पण आमच्या मते पहिल्या पेटीत शिकण्यासारखे सगळ्यांत मोलाचे काही असेल, तर ते या दोन कर्णांत आहे.

सांधा साधा टेकवलेला असल्याने एकट्या सरसावर त्याचा भरवसा धरता येत नाही. फळीचे कापलेले तोंड सरस पिऊन टाकते, म्हणून तिथे आधी एक पातळ हात देऊन तो मुरू दिला होता आणि मग दुसरा दिला. पांढऱ्या सरसाला पूर्ण ताकद यायला एक दिवस लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात दोन भोके पाडून त्यांत बांबूचे खिळे सरसासह ठोकले आणि डोकी सपाट छाटून टाकली.

फटीसाठी झाकणाच्या मधोमध भोके पाडून पटाशीने कोरत बसणे हा नेहमीचा मार्ग आहे आणि नवख्याच्या हातून लाकूड तिथेच चिरते. मिस्त्री झाकण एका फळीचे करतच नाहीत. सव्वादोन इंच रुंदीच्या दोन पट्ट्या घेऊन त्यांतल्या एकीच्या कडेला सव्वा इंच लांब आणि दीड सूत खोल खाच पाडायची आणि मग दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या, म्हणजे फट आपोआप तयार होते. खाचेच्या दोन्ही टोकांना करवतीचा एकेक काप देऊन मधला भाग पटाशीने थरथराने उतरवला आहे. खाचेच्या तोंडाशी सरस लावलेला नाही आणि जो ओघळला, तो ओल्या फडक्याने लगेच पुसला आहे. आतल्या कडा कानशीने थोड्या उतरत्या केल्या, की नाणे अडत नाही. झाकण चौकटीवर चिकटवले, तेव्हा बाजूच्या दोन फळ्यांवर त्याचे रेशे आडवे आले हे खरे, पण चार-साडेचार इंचांत लाकडाची होणारी हालचाल सांधा सोसतो. फूटभर रुंदीच्या पेटीला असे करून चालणार नाही.

साठवणीची मोठी जुनी नोंद याच शहराच्या कडेला, पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवली, दोन हजारांवर दरमहा एक टक्का आणि एक हजारावर पाऊण टक्का. आणि मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे दगडात कोरून ठेवले. घरच्या गल्ल्यातून मात्र मुद्दल काढावे लागते, आणि मातीच्या गल्ल्यासारखा हा फोडता येत नाही, म्हणून तळ उघडणारा हवा.

तळ दोन सुतांच्या प्लायवुडचा आहे. आतल्या जागेत दहा रुपयांची ढोबळमानाने चारशे नाणी मावतील. एका नाण्याचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास धरले, तर भरलेली पेटी उचलताना तळावर तीन किलोंहून जास्त भार येतो. तो खिळ्यांवर सोडता येत नाही, म्हणून खालून एक इंचाचे सहा स्क्रू आहेत. रेशे आडवे ठेवल्याचा इथे पुन्हा उपयोग होतो, कारण स्क्रू फळीच्या कडेत जातात. कापलेल्या तोंडात ते तितके धरत नाहीत. प्रत्येक स्क्रूसाठी त्याच्याहून बारीक भोक आधी पाडले आहे, नाहीतर अर्ध्या इंचाची फळी उभी फाटते.

पॉलिश चपडा लाखेचे आहे, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवलेले आणि सुती फडक्याच्या बोळ्याने पातळ-पातळ हातांनी चढवलेले. प्रत्येक हात थोड्या वेळात वाळतो आणि दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा लागतो. दमट हवेत लाख पांढुरकी पडते, त्यामुळे श्रावणात हे काम ऊन पाहूनच काढावे; आणि स्पिरिट पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात तर मुळीच काढू नये.

तळ पुन्हा-पुन्हा उघडला, की पाइनमधले स्क्रू ढिले होतात. त्यावर मिस्त्रींनी बाईंना एक सवय लावून दिली आहे: स्क्रू परत लावताना आधी तो उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात तो टक् करून बसल्याचे हाताला जाणवले, की मगच सुलटा आवळायचा.