रविवारी संध्याकाळी, पाचनंतर

नमस्कार श्रोतेहो. घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, पाहणारी मुलं घरोघरी आहेत, पण एकेकटी, मोबाईलवर, कानात इअरफोन घालून. त्यांचा क्लब काढायला आठदहा जण आणि एक खोली पुरते. नोंदणीच्या मागे लगेच लागू नका. ती वर्षभरानं बघता येईल.

खोली म्हणजे बहुधा सोसायटीचं क्लबहाऊस. तिथे हल्ली एसी असतो, टेबल टेनिस असतं, पुस्तकांचं कपाट तेवढं नसतं. असो. हॉल मागायला गेलात की कमिटीतले काका विचारणार, "कार्टून बघायला हॉल कशाला?" तेव्हा त्यांना युगो साको यांची गोष्ट सांगा.

साको हे जपानी माहितीपटकार. १९८३ साली पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला ते भारतात आले. तिथे त्यांना रामायणानं पछाडलं. जपानीतल्या दहा आवृत्त्या त्यांनी वाचून काढल्या आणि ठरवलं, रामायण पडद्यावर आणायचं ते ॲनिमेशनमध्येच. राम देव आहे, तो नटानं उभा करण्यापेक्षा चित्रातून दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. इकडे माहितीपटाच्या बातमीवरून गैरसमज झाला. परदेशी माणूस रामायणावर मनमानी चित्रपट कसा काढतो, म्हणून विश्व हिंदू परिषदेनं दिल्लीतल्या जपानी दूतावासाला निषेधाचं पत्र धाडलं. तो गैरसमज साकोंनी दूर केला. मग सरकारनं हात आखडला. विषय नाजूक, कार्टून म्हणून नको! बघा, आपल्या काकांचाच शब्द.

शेवटी चित्रपट तोक्योत तयार झाला. भारतीय ॲनिमेशनमधले जाणते राम मोहन सहदिग्दर्शक म्हणून तिकडे गेले. धोतर कसं नेसतात, मुलं थोरांचा आशीर्वाद कशी घेतात, हे जपानी चित्रकारांना आपल्या लोकांनी शिकवलं. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला, आणि आपल्याकडे थिएटरांत थाटात लागला तो थेट २४ जानेवारी २०२५ ला. एवढं ऐकल्यावर काका निदान चहा तरी विचारतील.

आता वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगतो. दिवस रविवार, वेळ पाचनंतर. सकाळी ठेवलीत तर लोकलच्या मेगाब्लॉकमध्ये वाशी, ऐरोलीची मंडळी अडकतील. लक्षात ठेवा, रविवार, पाचनंतर.

घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतंच असतं. हॉलमध्ये दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी हवी. ती मिळेपर्यंत भाग घरी पाहून या आणि क्लबात बोला. परवानगी मिळाली की दोनच भाग दाखवा. एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. तिसरा लावलात की गप्पा मारायला कोणी थांबत नाही.

सबटायटल पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढच्याच्या डोक्यामागे जातात. म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. प्रोजेक्टरच्या स्पीकरवर विसंबू नका, वेगळा आणा. जुन्या व्हीजीए केबलीनं किंवा स्वस्त ॲडॉप्टरनं जोडलंत तर कॉपी-संरक्षणामुळे आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. थेट एचडीएमआय लावा, तेही आदल्या दिवशी तपासून. पुन्हा सांगतो, आदल्या दिवशी.

डब की सबटायटल, यावर पहिल्याच सभेत भांडण होणार. हिंदी डबला नाक मुरडणाऱ्यांनी दूरदर्शनवरच्या जपानी 'जंगल बुक'मधला शेरखान आठवावा. नाना पाटेकरांचा आवाज होता तो! दोन्ही आळीपाळीनं लावा.

वयाचं मात्र कडक ठेवा. सगळं ॲनिमे लहान मुलांसाठी नसतं. यूए १६+ शिक्का, म्हणजे सोळाखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखालीच पाहावं असा, असेल तर त्या रविवारी धाकट्यांना बोलवू नका, आणि तसा निरोप ग्रुपवर शुक्रवारीच टाका.