जन्मतारीख बदलली, बोलावणं आलं

[दृश्य: लॅपटॉपसमोर बसलेली उमेदवार. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा.]

म्युनिक, २०२१. बव्हेरियाच्या सार्वजनिक वाहिनीचे पत्रकार एका अभिनेत्रीला कॅमेऱ्यापुढे बसवतात. नोकरीच्या मुलाखतीची उत्तरं ती देते आणि व्हिडिओवरून स्वभाव ओळखणारं एक सॉफ्टवेअर तिला गुण देतं. तिनं चष्मा लावला, गुण बदलले. डोक्याला स्कार्फ बांधला, पुन्हा बदलले. एका व्हिडिओत तर मागे फक्त पुस्तकांचं कपाट आणलं, तरी आकडे हलले.

कांदेपोह्यांना आलेले पाहुणेसुद्धा शोकेसवर नजर फिरवतातच. पण तिथं मध्यस्थाला गाठलं, की नकाराचं कारण कधी ना कधी कानावर येतं. इथं मध्यस्थच नाही. मग उरतो एकच उपाय: बाकी सगळं तसंच ठेवून एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

[दृश्य: पडद्यावर ऑनलाइन अर्ज. जन्मतारखेच्या रकान्यात कर्सर.]

अमेरिकेत २०२० मध्ये पंचावन्नी ओलांडलेल्या एका बाईंनी हेच केलं. आयट्यूटरग्रुप ही कंपनी चीनमधल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायला अमेरिकेतले शिक्षक घेत असे. बाईंनी खरी जन्मतारीख टाकून अर्ज केला. लगेच नकार. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज पुन्हा भरला. शिक्षण तेच, अनुभव तोच, जन्मतारीख मात्र अलीकडची. मुलाखतीचं बोलावणं आलं!

प्रकरण समान रोजगार संधी आयोगाकडे गेलं आणि आयोगानं कंपनीला कोर्टात खेचलं. आरोप असा, की पंचावन्न किंवा त्याहून मोठ्या स्त्रिया आणि साठ किंवा त्याहून मोठे पुरुष सॉफ्टवेअर परस्पर बाद करत होतं. असे दोनशेहून जास्त अर्जदार निघाले. कंपनीनं आरोप नाकारला, पण ऑगस्ट २०२३ मध्ये ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड केली.

खरं तर यात कृत्रिम बुद्धिमत्ता कसली? वय अमुक, तर बाद, एवढी एका ओळीची अट. तीसुद्धा बाहेरून कुणाला दिसत नव्हती.

ॲमेझॉनमध्ये तर अशी अट कुणी लिहिलीच नव्हती. २०१४ पासून तिथं बायोडेटा चाळणारं एक यंत्र तयार होत होतं. त्याला शिकवायला दिले दहा वर्षांचे जुने बायोडेटा, बहुतेक पुरुषांचे. यंत्रानं त्यातून धडा घेतला आणि ‘महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन’ असं कुठं दिसलं, की गुण कापायला लागलं. हे कळलं ते आतल्या लोकांना. प्रकल्प गुंडाळल्यावर, २०१८ मध्ये, रॉयटर्सनं बातमी दिली.

[दृश्य: न्यूयॉर्क. सकाळची गर्दी.]

न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा यंत्रांची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. तपासणीत लिंग आणि वंश बघतात. वय बघत नाहीत. म्हणजे त्या बाईंचं प्रकरण या चाळणीतून सहज निसटलं असतं.

भारतात २०२३ मध्येच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्यात स्वतःची माहिती मागायचा हक्क आहे, यंत्रानं दिलेल्या नकाराचं कारण मागायचा नाही. त्यामुळे लातूरहून हिंजवडीतल्या कंपनीसाठी अर्ज भरणाऱ्यानं निदान अर्जाची प्रत, पाठवल्याची वेळ आणि नकाराचा मेल जपून ठेवावा. कुणी विचारलं, तर दाखवायला तेवढंच हाताशी असतं.