तोंड वाकडं झालं: स्ट्रोक की चेहऱ्याची नस?

नमस्कार. चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळतं, आरशात बघावं तर तोंड वाकडं. घरात पहिला शब्द निघतो तो लकव्याचा. पण चेहरा वाकडा होण्याची कारणं बरीच आहेत.

डॉक्टर आधी सांगतात, "भुवया वर करा."

(भुवया उंचावून, कपाळावर बोट ठेवत)

कपाळाच्या या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. गालाच्या खालच्या भागाला आणि ओठांना मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. म्हणून मेंदूच्या एका बाजूला स्ट्रोक झाला तर ओठाचा कोपरा ओघळतो, पण आठ्या दोन्हीकडे पडतात. चेहऱ्याची नस मात्र मेंदूतून निघून कानाजवळच्या हाडातल्या अरुंद वाटेनं येते. तिथं ती सुजली, दबली, तर त्या बाजूचं सगळंच थांबतं. आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, ओठ हलत नाही.

आता नीट ऐका. ही नस जिथून निघते त्या मेंदूच्या खोडातच स्ट्रोक झाला, तर कपाळही लुळं पडतं. त्यामुळे "आठी पडत नाही, म्हणजे स्ट्रोक नाही" असं घरी ठरवू नका. चेहरा अचानक वाकडा झाला, त्यातही हात-पाय लुळा, बोबडं बोलणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं यातलं काही असलं, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. लक्षणं नक्की किती वाजता सुरू झाली, ते आठवणीनं सांगा.

दुसरा धागा वेगाचा. स्ट्रोक क्षणात येतो. ठोस कारण न सापडता चेहऱ्याची नस सुजून लुळी पडते, तिला बेल्स पाल्सी म्हणतात; ती काही तासांत वाढते, फार तर ७२ तासांत पूर्ण होते. कानामागे दुखतं, चव जाते, आवाज कर्कश वाटतात. पण हे नाव बाकीची कारणं वगळल्यावरच द्यायचं. कानात पुरळ आणि ठणका असेल तर ती नागीण असू शकते, तिला विषाणूवरचं औषधही लागतं. कान फुटला असेल तर संसर्ग नसेपर्यंत पोचलेला असू शकतो. आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढणारी कमजोरी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण तिथं कानापुढच्या लाळग्रंथीतली किंवा नसेवरची गाठ शोधावी लागते. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर गियाँ-बारे सिंड्रोमसारखे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तसे, आजार तपासतात.

आणि वरची पापणी खाली पडली असेल तर? या नसेच्या आजारात डोळा उघडा राहतो. पापणी मिटत आली असेल, संध्याकाळी जास्त, तर मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराचा, विचार करतात.

बेल्स पाल्सीत स्टेरॉईड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर फायदा जास्त, म्हणून "आपोआप बरं होईल" म्हणत थांबू नका. बहुतेक जण बरे होतात, हे खरंच. पण तोवर न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि पापणी नीट मिटवून वरून चिकटपट्टी. ती कशी लावायची, हे डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.