पाणी मारुतीच्या कमरेला

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे आता मोबाइलवर कळतं. तरी नाशिकच्या गोदाघाटावरचा टपरीवाला मान वळवून बघतो ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी गुडघ्याला आहे तोवर चहा उकळत राहतो. कमरेला लागलं की टपरी उचलायची. छातीशी आलं की भांडी बाजारात खालचा माल वर चढतो. आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी टेकलं, तर तो पूर पुढच्या पिढीला सांगायचा.

१९६९ चा असाच सांगितला गेला. मग २००८. त्यानंतर २०१६, आणि लगेच २०१९. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

आठवड्याचा पाऊस आता एका रात्रीत कोसळतो. पण सगळं पाप हवामानाच्या माथी मारून कसं चालेल? सरस्वती नाला आपणच झाकला. सराफ बाजारात पाणी शिरायला आता नदीला पूर यावाच लागतो असं नाही.

मग ही माणसं इथून जात का नाहीत?

हा वाडा बघा. पुढं दुकान, मागं बिऱ्हाडं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. वाडा निळीच्या आत. पाडला तर पुन्हा उभारायला परवानगी मिळणं मुश्कील. नाही पाडला तर दर पावसाळ्यात एखादी भिंत फुगते. भाडेकरू जुने, भाडं जुनं, मालकांच्या भाऊबंदकीत सह्या अडकलेल्या. आडगावला फ्लॅट मिळेल हो, पण पूजेचं साहित्य विकणाऱ्यानं तिथं जाऊन कुणाला विकायचं? दशक्रिया गंगेवर होते. यात्रेकरू गंगेवर येतात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.

त्यामुळं इथं राहायचं म्हणजे राहायची तयारी ठेवायची. विजेचा बोर्ड डोक्याच्या वर. गहू-तांदूळ माळ्यावर, तेही जूनमध्येच. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला.

आणि पाणी ओसरू लागलं की झोपायचं नाही. गाळ पाण्याबरोबरच ढकलत न्यायचा, खराट्यानं, उंबऱ्याबाहेर, पायरीवरून खाली. एकदा का तो वाळला, की मग फावडं लागतं.