वैरण नेमकी कोण खातं?

मंडळी, खानापूरकडं भाताचं पिंजर, निपाणी-चिकोडीकडं उसाचं वाडं आणि कडबा. आपल्या भागातली दुभती जनावरं बहुतेक यावरच जगतात. या काडीतला कठीण भाग म्हणजे सेल्युलोज. तो फोडणारं पाचकद्रव्य म्हशीच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. तरी त्याच काडीवर ती दूध देते, कारण काडी फोडतात तिच्या पोटातले जिवाणू. आपण वैरण टाकतो ती आधी त्यांना.

पोटाचे कप्पे चार: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. सगळा खेळ पहिल्याचा. मोठ्या जनावराचं कोटीपोट शंभर लिटरच्याही पुढं जातं, डावी कूस त्यानंच भरलेली असते. आत ऑक्सिजन जवळपास नाही, ऊब सुमारे 39 अंशांची, आणि रसाच्या एकेका थेंबात कोट्यवधी जिवाणू. ते चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातात. जनावराच्या ताकदीचा निम्म्याहून मोठा वाटा तिथून येतो. दुधातली फॅट बनायलाही यातलंच ॲसेटिक आम्ल लागतं, आणि ते चाऱ्यातून जास्त मिळतं. म्हणून चारा तोडून नुसता खुराक, म्हणजे पेंड-भरडा, वाढवला, की डेअरीत फॅट उतरते. पुढं हे जिवाणू स्वतःही वाहत खऱ्या पोटात जातात आणि तिथं पचतात. म्हशीला प्रथिनं मिळतात ती बरीचशी अशी.

आम्लं वाढली की काडी फोडणारे जिवाणू मरतात. त्यावर उपाय लाळेचा. लाळेत खायच्या सोड्याचाच क्षार असतो, आणि मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळतं. ती सुटते चावताना, रवंथ करताना. धडधाकट जनावर दिवसातले सहा ते नऊ तास रवंथ करतं. रवंथ करत बसलेल्या म्हशीला कृपा करून उठवू नका, ती कामातच आहे.

आता बेंदराचं, आपल्या बैलांच्या सणाचं बोलतो. बैलाला पुरणपोळीचा घास द्या, तो त्याचा मान आहे. पण बुट्टीभर पोळ्या, लग्नातला उरलेला भात, गुळाची ढेप, मक्याचं पीठ एकदम घातलं, की पिठावर जगणारे जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्ल साठतं. कोटीपोट हलायचं थांबतं, रवंथ बंद, पातळ हगवण, मग जनावर आडवं. रात्रीत दगावलेली जनावरं मी पाहिली आहेत, आणि प्रेमानंच खाऊ घातलेली. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. कुठलाही नवा खुराक दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, तेवढ्यात आतले जिवाणू बदलतात.

खानापूरकरांसाठी एक. पिंजरात नत्र फार कमी, त्यामुळं जिवाणू उपाशी राहतात. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, थर दाबा, ताडपत्रीनं हवाबंद करून 21 दिवस ठेवा. घालण्याआधी पसरून ठेवा, म्हणजे उग्र वास उडून जाईल. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला हे घालू नका, त्याचं कोटीपोट अजून तयार नसतं. आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला कधीच लागू देऊ नका, ते विष आहे.