लांब इंग्रजी शब्द शेवटाकडून वाचताना

पडद्यावरचा शब्द बघा: युनिव्हर्सिटी. याचे तुकडे पाडायचे तर स्पेलिंगमधली अक्षरं मोजू नका, कानाला ऐकू येणारे स्वर मोजा. यु, नि, व्हर्, सि, टी. पाच स्वर, म्हणून पाच सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे पाच तुकडे.

आता यातल्या एकावरच मुख्य जोर पडतो. जोर म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. ते सिलॅबल जरा लांबतं, बऱ्याचदा सूर वर चढतो आणि त्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो. इथे तो मान 'व्हर्'चा.

हे ओळखायचं कसं? शब्दाची शेपटी बघायची. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल, तर जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी येतो. एज्युकेशनमध्ये 'के'वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये 'ट्रि'वर. पॉलिटिक्ससारखे काही शब्द मात्र हा नियम जुमानत नाहीत. तिथे जोर सुरुवातीच्या 'पॉ'वरच. आणि इंजिनिअर, व्हॉलंटिअर यांत तर शेपटीच जोर ओढून घेते.

खरी गंमत एकाच घरातल्या शब्दांत आहे. फोटोग्राफ म्हणताना जोर 'फो'वर. फोटोग्राफर म्हटलं की तो पुढे सरकतो: फ-टॉ-ग्र-फर. फोटोग्राफिकमध्ये आणखी पुढे, 'ग्रॅ'वर. पण नीट ऐका, जोर सरकला की मागे राहिलेल्या स्वराचंही रूप पालटतं. फोटोग्राफमधला ठसठशीत 'फो' फोटोग्राफरमध्ये पुसटसा 'फ' होऊन जातो. या पुसट स्वराला 'श्वा' म्हणतात, आणि इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त येणारा स्वर हाच. बनाना या शब्दात 'ए' हे अक्षर तीनदा येतं. पूर्ण उच्चार फक्त मधल्याचा, कडेचे दोन्ही श्वा.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखंच वजन देतो. तीच सवय इंग्रजीत येते, आणि माझ्या मते एखादा स्वर चुकण्यापेक्षा जोर चुकला तर ऐकणारा जास्त अडखळतो. म्हणून नवा शब्द पाठ करताना अर्थाबरोबर त्याचा जोरही पाठ करावा.

शब्दकोशात तो सापडतो. उच्चार दाखवणाऱ्या चिन्हांमध्ये वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. तिच्या लगेच पुढचं सिलॅबल जोराचं. खालच्या बाजूला रेघ असेल तर तो दुय्यम जोर. मूळ शब्दात मधे मधे ठिपके दिसले तर त्यांवर विसंबू नका. ते बऱ्याचदा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगतात, आणि ती जागा उच्चाराशी जुळेलच असं नाही.